‘देवा, सोडव एकदाचं’ असं मनात आलं तर

ताई, नमस्कार.

मी ४९ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. सासूबाई ७८ वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचं सांगितलं. मिस्टर एमआयडीसीत, तीन पाळ्यांत कामाला. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे रात्रंदिवस घरात त्या आणि मी.

ज्या बाईनं वीस वर्षं माझ्या हातच्या भाजीला कधी बरं म्हटलं नाही, ती आता मला ‘आई’ म्हणून हाक मारते. आणि पाचच मिनिटांनी शेजारणीला सांगते, हिनं माझ्या पाटल्या चोरल्या. संध्याकाळ झाली की पिशवीत लुगडं भरून दाराशी उभ्या राहतात, ‘मला घरी जायचंय.’ मामंजींना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ते अजून कसे आले नाहीत म्हणून विचारतात. खरं सांगितलं तर हंबरडा फोडतात, खोटं सांगितलं तर मला पाप वाटतं. नणंदबाई पुण्याला असतात. ‘आई माझ्याशी फोनवर इतकं छान बोलते, वहिनी उगाच वाढवून सांगते,’ असं त्यांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात आंघोळ घालताना त्यांनी माझ्या अंगावर तांब्या फेकला. मी त्यांचा दंड इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं. त्या रात्री माझ्या तोंडून निघालं, ‘देवा, सोडव एकदाचं.’ कुणाला, त्यांना की मला, तेही कळलं नाही. मग देवासमोर नाक घासलं. ताई, मी वाईट बाई आहे का?

(नाव-गाव न देण्याच्या अटीवर)

---

प्रिय मैत्रिणी,

दंडापासून सुरुवात करते. तुम्ही तो शेवटी लिहिलात, पण पत्राचं सगळं ओझं त्या ओळीवर आहे.

दंड काळानिळा होईपर्यंत धरायला नको होता. हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही, कारण तसं केलं तर माझ्या पुढच्या बोलण्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण तो हात कुणाचा होता तेही बघा. चार वर्षं सलग झोप न मिळालेल्या, रोज चोर ठरणाऱ्या, आणि तरीही सकाळी सातला पाणी तापवून उभ्या राहणाऱ्या बाईचा. वाईट बाईनं आंघोळच घातली नसती आणि मला पत्रही लिहिलं नसतं.

आता ‘यापुढे मी रागवणारच नाही’ असा निश्चय मात्र करू नका. तो तुम्ही चार वर्षं रोज करत असाल, आणि दुपारपर्यंत तो मोडत असेल. त्यापेक्षा स्वतःच्या शरीराकडे लक्ष ठेवा. राग डोक्यात शिरायच्या आधी अंगात येतो. दात आवळले जातात, कानशिलं तापतात, हात आपसूक घट्ट होतात. तसं झालं की पाणी बंद करायचं, त्यांच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकायचा आणि दोन पावलं मागं, दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभं राहायचं. त्या घसरायला नकोत म्हणून दिसत राहतील इतक्याच लांब. वीस श्वास मोजा. आंघोळ अर्धी राहिली तर राहू दे.

नाहीतरी रोज आंघोळ हवीच असं कुठं आहे? तुमच्या घरात पारोशानं स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी असणार, आणि तो दंडक बहुधा सासूबाईंनीच घातलेला असणार. म्हणून तुम्हाला वाटतं, त्यांना पारोशी ठेवली तर आपण त्यांचीच शिस्त मोडली. मोडा खुशाल. आठवड्यातून दोनतीनदा आंघोळ आणि एरवी कोमट पाण्याच्या फडक्यानं तोंड, काखा, जांघा पुसून काढल्या तर त्यांचं काही बिघडत नाही.

आंघोळीला त्या का बिथरतात, हेही सांगते. त्यांच्या जागी बसून बघा. ओली, गार, अरुंद खोली. कुणीतरी लुगडं ओढतंय, ती बाई नेमकी कोण ते लक्षात येत नाही, आणि एकदम डोक्यावरून पाणी. लाज, थंडी आणि भीती एकाच वेळी. त्या तांब्या फेकतात तो तुमच्यावर नव्हे, त्या भीतीवर. म्हणून सुरुवात पायांपासून करा. आधी पाण्यात त्यांचाच हात बुडवा, ‘बघा हो, कडत नाही ना?’ असं विचारा. एक तांब्या त्यांच्या हातात द्या. अंगावर शेवटपर्यंत एक जुना पंचा राहू द्या आणि त्याच्यावरूनच पाणी ओता. केस वेगळ्या दिवशी. बघा, हातात तांब्या असला की माणूस तो फेकण्यापेक्षा वापरायलाच बघतो.

आता त्या रात्रीबद्दल.

‘सोडव एकदाचं’ मीही म्हटलंय. माझ्या वडिलांना, अण्णांना, आम्ही सहा वर्षं सांभाळलं. ते शाळामास्तर. एकदा रात्री दोन वाजता पायजम्यावर पँट चढवून, बगलेत छत्री घेऊन दाराशी उभे होते, शाळेला उशीर होतोय म्हणून. त्या आठवड्यातली ती चौथी रात्र. मी छत्री हिसकावली. छत्रीची काडी त्यांच्या तळव्याला लागून रक्त आलं. त्यांनी तळवा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, ‘बाई, आपण कोण?’ मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोकं टेकून तेच म्हटलं जे तुम्ही म्हणालात. अण्णा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ते शब्द तोंडून निघाल्यामुळे त्यांच्यावरची माझी माया कमी झाली नव्हती, हे आज मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

या दुखण्यात माणूस हळूहळू, आपल्या डोळ्यांदेखत जातो. अमेरिकेतल्या कौटुंबिक समुपदेशक पॉलिन बॉस यांनी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांशी बोलताना एक गोष्ट टिपली. नवरा गेला म्हणून रडावं तर मृतदेह नाही, येईल म्हणून वाट बघावी तर पत्ता नाही. अशा दुःखाचा त्यांनी पुढं आयुष्यभर अभ्यास केला, आणि डिमेन्शियाच्या घरांतही त्यांना तेच दुःख दिसलं, फक्त उलटं. इथं देह समोर खुर्चीत बसलेला असतो, आणि माणूस अर्धा निघून गेलेला असतो.

आपल्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन येतात, दहावं होतं, तेरावं होतं, रडायला माणसं जमतात. तुमच्या घरातून चार वर्षं रोज थोडंथोडं काहीतरी जातंय, आणि त्यासाठी एक डबा कुणी आणलेला नाही. उलट ‘म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला त्या म्हणीचा राग येतो. मूल आज पडलं तरी उद्या चालणार असतं. त्या आशेवर आई रात्ररात्र जागते. इथं उद्या आजच्यापेक्षा थोडा कठीणच असणार, हे माहीत असून जागायचं असतं. तेव्हा तुम्हाला जे होतंय त्यातलं बरंचसं दुःख आहे. त्याला रडायची वेळ आणि जागा मिळाली नाही, म्हणून ते चिडचिड होऊन बाहेर पडतंय.

तुमच्या दुःखाला आणखी एक गाठ आहे, तिच्याबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंत. वीस वर्षं ज्यांनी टोचून बोललं त्यांचंच आता सगळं करायचं. आणि हिशोब मागावा तर समोरच्याला काही आठवतच नाही. ‘तुम्ही माझ्या बाळंतपणात असं का वागलात?’ हे विचारायची वेळ कायमची गेली. या गोष्टीचा राग येणारच, यायलाच हवा. लोक तुम्हाला सांगतील, झालं गेलं विसरा, त्यांना माफ करा, मग सेवा जड जाणार नाही. मी तसं सांगणार नाही. माफ न करताही माणसाचं नीट करता येतं. वेळेवर जेवण, कोरडं अंथरूण, अंगाला हात लावताना सांभाळून लावलेला हात, एवढं त्यांना मिळालं की तुमच्याकडून सगळं मिळालं. माया आतून आली तर येऊ दे. त्या ‘आई’ म्हणतात तेव्हा पोटात कालवाकालव होते का? होत असेल तर ती खरी आहे. होत नसेल आणि उलट चीड येत असेल, तर तीही खरीच आहे.

पाटल्यांचं बघू. त्या स्वतःच कुठंतरी लपवतात आणि लपवल्याचं विसरतात. मग जागा रिकामी दिसते, आणि मेंदू त्या रिकाम्या जागेला साजेशी गोष्ट रचून देतो. त्या गोष्टीतला चोर बहुधा सगळ्यात जवळचा माणूस असतो, कारण आसपास दुसरं कुणी नसतंच. ‘मी नाही घेतल्या’ हे सिद्ध करत बसलात तर रात्र जाईल. ‘अगं बाई, पाटल्या? चला, दोघी मिळून शोधू’ म्हणा आणि खरंच शोधा. उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा, देवघराचा खण. दोनचार आवडत्या जागा कळल्या की काम सोपं होतं. खऱ्या पाटल्या बँकेत ठेवा आणि हातात बेंटेक्सच्या घाला. शेजारणीलाही एकदा चहाला बोलावून आजाराबद्दल नीट सांगा. तिच्यासमोर चोर ठरण्याची जी लाज तुम्हाला वाटते ती निम्मी तिथंच कमी होईल.

संध्याकाळ या आजारात बऱ्याच जणांना जड जाते. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा शीण असतो, आणि मेंदूचं घड्याळही बिघडलेलं असतं. ‘मला घरी जायचंय’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मला भीती वाटतेय, मला ओळखीच्या ठिकाणी न्या’ असा असतो. ‘हेच तुमचं घर’ म्हटलं की भांडण सुरू. दिवेलागणीच्या तासभर आधीच घरातले सगळे दिवे लावून टाका. चहा द्या. माहेरच्या घरी अंगणात काय होतं, गाय होती का, ते विचारा. आणि हाताला काम द्या. कापूस पुढं ठेवून बघा. नातवाचं नाव न आठवणाऱ्या बायका एकसारख्या वाती वळत बसलेल्या मी पाहिल्यात. हातांची आठवण डोक्याच्या आठवणीपेक्षा उशिरा पुसली जाते.

मामंजींबद्दल. ‘ते गेले’ हे त्यांना पुन्हा सांगू नका. तुमच्यासाठी ती अकरा वर्षांपूर्वीची बातमी, त्यांच्यासाठी दर वेळी आत्ताची. आणि बातमी विसरली गेली तरी रडं आत राहतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात २०१४ साली अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकारच्या, रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंग पडद्यावर दाखवून पाहिलं. काय पाहिलं ते ते थोड्याच वेळात विसरले, पण दुःख किंवा आनंद मनात त्यानंतरही रेंगाळला. म्हणजे त्या ‘ते कुठायत?’ विचारतात तेव्हा त्यांना माहिती नको असते, आठवण येत असते. ‘आज फार आठवण येतेय का हो त्यांची? त्यांना काय आवडायचं जेवायला?’ असं विचारा. यात खोटंही बोलावं लागत नाही. आणि एखाद्या दिवशी सुचलं नाही, ‘येतील हो’ म्हणून गेलं, तर त्यासाठी देवासमोर नाक घासू नका.

या आयोवाच्या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, ती तुमच्या कामाची. तुम्ही ओरडलात ते शब्द त्या विसरतील, पण त्यांचा धसका थोडा वेळ उरेल. तसंच, भडका उडाल्यानंतर अर्ध्या तासानं तुम्ही त्यांच्या पायाला तेल चोळलंत, तर तेल विसरलं जाईल पण बरं वाटणं उरेल. माफी शब्दांतून पोचली नाही तरी हातातून पोचते. अण्णांच्या तळव्याला हळद लावताना मला हे ठाऊक नव्हतं.

आता नणंदबाई. त्या खोटं बोलत नाहीत. फोनवर पाच मिनिटं, लेकीचा आवाज ऐकून, या आजारातली माणसं सगळा जोर एकवटून अगदी नीट बोलतात. ‘कशी आहेस, जेवलीस का, पोरं बरी आहेत ना’ ही वाक्यं पाठ असतात. फोन ठेवला की तुम्हाला विचारतात, कुणाचा होता? डॉक्टरसमोरही असंच होतं. म्हणून नणंदबाईंशी वाद घालू नका. त्यांना मुक्कामाला बोलवा, आणि दिवसाच्या पाहुण्या म्हणून नको, रात्रीच्या. तीन रात्री त्यांनी आईच्या खोलीत झोपायचं, सकाळची आंघोळ त्यांनी घालायची, आणि तुम्ही त्या तीन दिवसांत घरात थांबायचं नाही. थांबलात तर सगळं तुमच्यावरच येईल. माहेरी जा, मुलीकडे जा. ‘जरा लक्ष देत जा’ असं मोघम सांगितलं की कुणी काही करत नाही. ‘महिन्यातले अमुक चार दिवस’ किंवा ‘दुपारी चार तास बाई ठेवू, तिचा निम्मा पगार तुमचा’ असं नेमकं मागा. आणि हे मिस्टरांनी मागायला हवं. आई त्यांची आहे. रात्रपाळीवरून आलेला माणूस दमलेला असतो हे मान्य, पण आठवड्यातली एक सुट्टीची संध्याकाळ त्यांची आणि आईची असू शकते.

मदत मागणं म्हणजे आपण कमी पडलो, असं तुम्हाला वाटत असेल. गोव्यात डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळणाऱ्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. मोठी पदवी नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक मदतनीस निम्म्या घरी सहा महिने पंधरा दिवसांतून किमान एकदा जात. आजार म्हणजे काय ते सांगत, वागण्यातल्या अडचणींवर उपाय सुचवत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ होतेच. एवढ्यानं सांभाळणाऱ्यांचं मन बऱ्यापैकी ताळ्यावर आलं. आजार होता तिथंच होता. बदललं ते इतकंच, की त्या घरातली बाई एकटी उरली नाही.

तुमच्या तालुक्यातही अशी घरं असणारच. देशपातळीवरच्या अलीकडच्या पाहणीनुसार साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे. फक्त ती दारं लावलेली असतात. तुमच्या बचत गटात, भजनी मंडळात एकदा मोठ्यानं बोलून बघा, ‘आमच्या सासूबाईंना हा आजार आहे.’ दोन तरी बायका नंतर मागं थांबून तुमचा हात धरतील.

काही गोष्टी डॉक्टरकडे न्यायच्या, त्या पटकन सांगते. सासूबाईंचं वागणं एकदोन दिवसांत अचानक बिघडलं, भलतंच बरळायला लागल्या किंवा एकदम गळून गेल्या, तर आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठं दुखणं, नवीन गोळी, यातलं काही असू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येतोच असं नाही. कान आणि मोतीबिंदू तपासून घ्या. बी-१२ आणि थायरॉइड कधी पाहिलं नसेल तर पाहून घ्या. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका, पडून खुबा मोडला तर पुढचं सगळंच अवघड होतं.

आणि तुमचं? पत्रात सासूबाईंबद्दल सगळं होतं, तुमच्या तब्येतीबद्दल एक अक्षर नव्हतं. तुम्ही ४९ वर्षांच्या आहात. पाळी जायच्या वयात झोप आणि मन असंही हलतं, त्यात हे जागरण. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्या, याच महिन्यात. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नाही, पहाटे जाग येऊन रडू येतं असं झालं, तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका. आणि स्वतःला किंवा त्यांना काही करून टाकावं असा विचार आला तर क्षणभरही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी एल्डरलाइनचा १४५६७ आहे. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा, मिस्टरांनाही दिसतील असे.

आधी नणंदबाईंना फोन करा, आजच, आणि तारीख ठरवूनच ठेवा. त्या येतील त्या पहिल्या रात्री तुम्ही कुठं झोपलात आणि सकाळी कितीला उठलात, ते मला लिहून कळवा. मी वाट बघतेय.

तुमची,
ताई